बसमधला माणूस

न्यायालयाचे निकाल रस घेऊन वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. वकील ते कामापुरते वाचतात, वार्ताहर शेवटची दोन पानं चाळतो, आणि ज्याच्या नशिबाचा निकाल लागलेला असतो तो कागद हातात धरून वकिलालाच विचारतो, ‘साहेब, झालं काय?’ तरी काही निकाल असे असतात की त्यांच्यात कथा असते, पात्रं असतात, लिहिणाऱ्याचा एक सूर असतो आणि सुराखाली दडलेली थोडी धाकधूकही असते. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी १९८८ रोजी दिलेला ‘रमेश विरुद्ध केंद्र सरकार’ हा निकाल त्या जातीचा आहे. न्या. सब्यसाची मुखर्जी आणि न्या. एस. रंगनाथन यांचं हे लिखाण एका बैठकीत वाचून होतं. प्रश्न एवढाच होता, की ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनवर दाखवू द्यायची की थांबवायची.

हा निकाल भिवंडीकराने तरी वाचायला हवा. कारण ‘तमस’ची गोष्ट रावळपिंडीच्या परिसरातली असली तरी ती कागदावर उतरायला भिवंडी कारण झाली.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडी पेटली. दुसऱ्या दिवशी जळगाव पेटलं, महाडलाही झळ लागली. पुढे न्या. डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. दंगलीनंतर बलराज साहनी भिवंडीत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे धाकटे भाऊ भीष्म साहनीही. ‘आज के अतीत’ या आत्मकथनात भीष्मजींनी तो प्रसंग सांगितला आहे. ओस पडलेल्या गल्ल्यांतून हिंडताना हे सारं आपण आधी कुठेतरी पाहिलं आहे, असं त्यांना वाटत राहिलं. ते ‘कुठेतरी’ म्हणजे मार्च १९४७ च्या दंगलीतली रावळपिंडी. तिथे ते काँग्रेसच्या मदतकार्यात होते. दिल्लीला परतल्यावर ते ‘तमस’ ही कादंबरी लिहायला बसले.

भिवंडीत मागांचा आवाज इतका अंगवळणी पडलेला असतो की गावच्या माणसाला तो ऐकूच येत नाही. थांबला की मात्र लगेच कळतं. मंदी आली, वीज गेली, संप झाला किंवा दंगल उसळली, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. तिथल्या माणसाला शांततेचं कौतुक नसतं, तिची काळजी वाटते. दंगलीनंतरच्या तसल्याच गप्प गावात भीष्मजींना तेवीस वर्षं आत दाबून ठेवलेलं बोलायचं सुचलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. न्यायालयं जेव्हा शांततेसाठी एखाद्याला गप्प बसवतात, तेव्हा त्यांच्या मनात शांततेचं जे चित्र असतं ते भिवंडीत टिकणारं नाही.

‘तमस’ला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे गोविंद निहलानींनी त्यावर पाच तासांच्या आसपासचा चित्रपट केला. निहलानी कराचीत जन्मलेले, फाळणीत इकडे आलेले. नथ्थू झाले ओम पुरी, म्हातारा हरनामसिंग स्वतः भीष्मजी आणि त्याची बायको बंतो दीना पाठक. जीव द्यायला विहिरीकडे निघालेल्या शीख बायकांच्या पुढे चालणारी जसबीर होती आपली उत्तरा बावकर. जानेवारी १९८८ मध्ये हा चित्रपट भागाभागांनी दूरदर्शनवर सुरू झाला आणि गदारोळ उठला. निदर्शनं झाली, धमक्या आल्या, निहलानींना पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली आणि २१ जानेवारीला एकसदस्य पीठाने पुढच्या भागांना स्थगिती दिली. कोर्टाच्या आवारातल्या भाषेत, ‘तमस’वर स्टे आला.

या स्टेचा अर्थ कळायला कादंबरीचं पहिलं प्रकरण आठवावं लागतं. अंधाऱ्या कोठडीत नथ्थू नावाचा कातडी कमावणारा गरीब माणूस एका डुकराला मारायची धडपड करतो आहे. मुराद अलीने त्याच्या हातात पाच रुपयांची नोट ठेवली आहे आणि जनावरांच्या डॉक्टरला डुक्कर हवं आहे, असं सांगितलं आहे. डुक्कर मरता मरत नाही. दिव्याची वात सरत येते, रात्र संपत येते, नथ्थू घामाने भिजलेला आणि घाबरलेला. साहनी या प्रसंगावर पानामागून पानं खर्च करतात. वाचकाला किळस येते, मग कीव येते, आणि हळूहळू एक शंका येते, की या माणसाला आपण काय करतो आहोत हेच माहीत नाही. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं. तिथून पुढे गाव जळतं.

आता हा प्रसंग कादंबरीतून उचलून एकटाच समोर ठेवा. त्यात भडकावण्याचं सगळं सामान आहे. त्याचं उत्तर सापडतं ते अगदी शेवटी. शांतता समितीची बस गावातून फिरते आहे, ऐक्याच्या घोषणा दिल्या जात आहेत, आणि त्या बसमध्ये बसून घसा फोडून घोषणा देणारा माणूस आहे मुराद अली. त्याला ओळखू शकला असता असा एकच माणूस होता, नथ्थू, आणि तो तोवर मेलेला आहे. डुक्कर आणि बस ही या कादंबरीची दोन टोकं आहेत. एक टोक हातात घेतलं तर ती चिथावणी दिसते. दोन्ही टोकं धरली की चिथावणी कोण देतो, कशी देतो आणि नंतर अंग झटकून कुठे जाऊन बसतो, हे दिसतं.

मालिका मधेच थांबवली तर काय झालं असतं? प्रेक्षकाच्या डोक्यात डुक्कर राहिलं असतं, बस आलीच नसती. आग दाखवून झाली असती, आग लावणाऱ्याचं नाव सांगायच्या आत पडदा पडला असता. न्यायालयाची तात्पुरती मनाई ही काही न करण्याची, ‘जैसे थे’ची स्थिती मानली जाते, कुणाचं काही बिघडत नाही, फक्त थोडं थांबायचं, असा तिचा आव असतो. अर्ध्यावर आलेल्या कलाकृतीच्या बाबतीत हे खोटं आहे. तिथे स्टे देणारा न्यायाधीश नकळत संपादक होतो. तो शेवट कापतो आणि उरतं ते नेमकं तक्रारदाराला भीती वाटत होती तसंच.

स्टेविरुद्ध अपील गेलं ते न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठापुढे. लेंटिन हे नाव तेव्हा घरोघरी माहीत झालेलं होतं. जे. जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त ग्लिसेरॉलने झालेल्या मृत्यूंची चौकशी त्यांनीच केली होती आणि मंत्र्यांनाही सोडलं नव्हतं. सुजाता मनोहर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या दोघांनी जे केलं ते इतकं साधं आहे की त्याचं मोठेपण सहज निसटतं. त्यांनी चित्रपट पाहिला. पुढे यायचे होते त्या भागांसकट पूर्ण पाहिला. आणि २३ जानेवारीला स्टे उठवला.

स्टे आला तक्रार ऐकून, उठला तो कलाकृती पाहून. या दोन दिवसांच्या मधल्या फरकात मला या विषयाचं अर्धं तत्त्वज्ञान दिसतं. तोंड बंद करण्याचा हुकूम बहुतेक वेळा घाईत दिला जातो, कारण मागणाऱ्याचं म्हणणंच असं असतं की पाहत बसायला वेळ नाही, आज रोखलं नाही तर उद्या अनर्थ होईल. पाच तास बसून पाहणं हे त्या घाईला दिलेलं उत्तर होतं.

तिकडे मुंबईतल्याच एका वकिलाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. तोवर चार भाग दाखवून झाले होते. म्हणणं असं, की मालिका सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ५-ब चा भंग करते, समाजासमाजांत तेढ वाढवते आणि राज्यघटनेच्या कलम २१ व २५ ने दिलेल्या हक्कांना धक्का लावते. त्यावरचा निकाल म्हणजे आपण जो वाचायला घेतला आहे तो.

सुरुवात फारशी ऐटबाज नाही. न्यायमूर्ती ‘तमस’चं कथानक चार-दोन वाक्यांत उरकतात आणि त्या ओघात घटना लाहोरला नेऊन ठेवतात. कादंबरीत शहराला नाव नाही आणि लेखकाचं शहर रावळपिंडी. साहित्याच्या परीक्षकाने इथे लाल रेघ ओढली असती. पण पुढे जसजसं वाचत जावं तसतसं लक्षात येतं की लिहिणाऱ्याला कथेच्या पत्त्यापेक्षा तिच्या श्रोत्याची चिंता आहे. ही गोष्ट कोण ऐकणार आहे? ऐकून तो काय करेल? सगळा निकाल या एका अदृश्य माणसाभोवती फिरतो, आणि त्या माणसाचं चित्र रंगवण्यातच या लिखाणाचं सौंदर्य आहे.

त्या चित्राचा पहिला रंग आला नागपूरहून. भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिवियन बोस यांनी एक कसोटी सांगितली होती. निकाल छापला गेला १९४७ च्या संग्रहात, म्हणजे लिहिला गेला तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. शब्दांचा परिणाम कसा जोखायचा? बोस म्हणतात, विचारी, खंबीर मनाच्या, ठाम आणि धीट माणसांच्या मापाने जोखायचा. दुबळ्या आणि डळमळत्या मनाच्या माणसांच्या मापाने नाही, आणि प्रत्येक विरोधी मतात ज्यांना धोक्याचा वास येतो त्यांच्याही नाही. बोस यांच्या इंग्रजी वाक्याची चाल पाहण्यासारखी आहे. आधी विशेषणं एकामागून एक येतात, पाठ ताठ होत जाते, आणि मग शेवटी ते हुंगणारे येतात. त्या एका क्रियापदात न्यायमूर्तींनी आपला सगळा तिटकारा ओतला आहे. भीती दाखवून दुसऱ्याचं तोंड बंद करू पाहणाऱ्या माणसाचं याहून नेमकं व्यंगचित्र मी कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात पाहिलेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांनी हे वाक्य उचललं आणि त्याला एक विलायती जोड दिली. हाच योग्य मार्ग, असं म्हणून न्यायमूर्ती इंग्लंडच्या कायद्यातल्या प्रसिद्ध सामान्य माणसाला बोलावतात, लंडनच्या क्लॅफमच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून जाणाऱ्या माणसाला. हा तिथल्या न्यायाधीशांचा जुना मित्र. तो नोकरदार आहे, वर्तमानपत्र वाचतो, चटकन भडकत नाही, कुणाच्या भरीस पडत नाही.

इथे एक गोष्ट न्यायमूर्तींच्या ध्यानात आली होती का, कोण जाणे. ज्या कृतीचा न्याय करायचा तिच्या शेवटी बसच आहे. एका बसमध्ये कायद्याला अभिप्रेत असलेला शहाणा माणूस, दुसऱ्या बसमध्ये मुराद अली. दोघंही शांततेच्या बाजूचे दिसतात. साहनींची कादंबरी जे सांगते ते कायद्याच्या त्या मित्राला थोडं अडचणीचं आहे. बसमध्ये कोण बसलं आहे हे खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळायला हवं असेल, तर रात्री काय घडलं ते कुणीतरी त्याला सांगायला हवं. नथ्थू सांगू शकत नाही. कादंबरीकार सांगतो. त्याचं बोलणं थांबवलं की क्लॅफमचा माणूस आणि मुराद अली यांच्यात फरक करायचं साधनच जातं. निकालाने हे एवढ्या शब्दांत म्हटलेलं नाही, पण त्याच्या जवळपास तो येतो. आपल्या इतिहासातून धडा काढणं, पडद्याआडून भांडणं पेटवणाऱ्यांचे हेतू उघडे पाडणं आणि धर्माच्या भिंतींपलीकडे माणसांना एकमेकांविषयी वाटणारी आपुलकी दाखवणं, हे लेखकाचं काम न्यायमूर्तींनी ओळखलं आहे. दुष्परिणाम दाखवायचे तर दुष्टपणा दाखवावाच लागेल, हेही ते मान्य करतात.

त्यानंतर येतो तो या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत प्रिय भाग. युक्तिवाद असा होता की पुस्तक वाचणारे थोडे आणि शिकलेले, दूरदर्शन मात्र खेडोपाडी पोचलेलं. अडाणी माणूस हे पाहून पेटून उठेल. हा युक्तिवाद करणारे लोक सहसा स्वतः पेटून उठण्याची शक्यता सांगत नाहीत. पेटणारा नेहमी दुसरा असतो, आपल्यापेक्षा कमी शिकलेला, आपल्यापेक्षा गरीब. मुंबईच्या खंडपीठाने याला जे उत्तर दिलं ते सर्वोच्च न्यायालयाने आपलंसं केलं. अक्षर ओळखत नाही म्हणून माणसाला अक्कल नसते असं नाही; धर्माच्या नावावर चाललेला डाव पडद्यावर उलगडून दाखवला तर तो त्याला कळतो. ज्या देशात सेन्सॉरशिपचं बहुतेक समर्थन अशिक्षित माणसाच्या नावाने केलं जातं, तिथे दोन न्यायमूर्तींनी त्या माणसाच्या अकलेवर विश्वास टाकला, हे मला निकालातल्या कुठल्याही कायदेशीर तत्त्वाहून मोठं वाटतं.

आणि माध्यमाच्या ताकदीबद्दल? चित्रपट पुस्तकापेक्षा खोल जातो, हे निकाल नाकारत नाही. मग तो युक्तिवाद अलगद उलटा करतो. जी ताकद वाईटाला आहे तीच चांगल्यालाही आहे. हिंसेचं दृश्य मनात काहीतरी ढवळत असेल, तर परस्परांच्या मदतीचं, मायेचं दृश्यही तितकंच खोल आणि टिकणारं काहीतरी मागे ठेवतं. हे वाचताना डोळ्यांपुढे राजो येते. हरनामसिंग आणि बंतो जीव मुठीत धरून एका मुसलमान घराचं दार ठोठावतात. घरातले पुरुष लूट करायला गेलेले. राजो मागेपुढे पाहते, वैतागते, पण आत घेते. मग तिचे पुरुष लुटलेली ट्रंक घेऊन येतात, ती नेमकी हरनामसिंगाचीच. कुलूप फोडायचा खटाटोप चालू होतो आणि म्हातारा म्हणतो, फोडू नका, किल्ली आमच्याकडे आहे. सुरेखा सिक्री यांनी राजो केली आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लुटणारा, लुटला गेलेला, ट्रंक आणि किल्ली एका खोलीत आणण्याची ही करामत पाहिल्यावर, अशा दृश्याने माणूस पेटतो की ओशाळतो, हे ठरवायला घटनेची कलमं लागत नाहीत.

आता निकालाची दुसरी बाजू. रसग्रहण म्हणजे आरती नव्हे.

मुखर्जी-रंगनाथन यांचा निकाल अभिव्यक्तीच्या बाजूने लागला खरा, पण तो ज्या पायावर उभा आहे त्याचे काही दगड सैल आहेत. सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र दिलं आहे, याला त्यात वजन दिलं आहे. एका प्रमुख उच्च न्यायालयाच्या दोन अनुभवी न्यायमूर्तींनी चित्रपट पाहून तो शांततेचा संदेश देतो असं म्हटलं आहे, यालाही वजन दिलं आहे. म्हणजे ‘तमस’ वाचली याचं मोठं कारण, ती चांगली आहे हे मोठ्या माणसांना पटलं. समजा लेंटिन आणि मनोहर यांना ती आवडली नसती? समजा कृती तितकी थोर नसती, कडवट असती, एकांगी असती? बसमधल्या माणसाचं माप तेव्हाही तेच राहिलं असतं का, की न्यायमूर्तींच्या अभिरुचीने ते आखूड केलं असतं? निकाल या प्रश्नाकडे वळत नाही.

शिवाय चित्रपट हे जास्त प्रभावी माध्यम असल्याने त्याला आधीच चाळणी लावणं योग्य, हे तत्त्व निकालात गृहीतच आहे. ते आलं १९७० च्या के. ए. अब्बास खटल्यातून. भिवंडी पेटली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी तो निकाल लिहिला. आणि इथे आपल्या न्यायालयांच्या इतिहासातली एक गंमत समोर येते, कारण न्यायालयाने घातलेल्या तोंडबंदीविरुद्ध उभा राहिलेला सर्वांत एकाकी आवाजही हिदायतुल्लांचाच होता.

ती गोष्ट मुंबईची आणि मराठी नावांनी भरलेली. कापड उद्योगातले कृष्णराज ठाकरसी यांनी ‘ब्लिट्झ’चे रुसी करंजिया यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. १९६४ मध्ये तो न्या. वि. म. तारकुंडे यांच्यापुढे चालला. एका साक्षीदाराने गाऱ्हाणं केलं, की माझी साक्ष छापून येते आणि माझ्या धंद्याचं नुकसान होतं. तारकुंडे यांनी तोंडी हुकूम दिला, की ही साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीश बसले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी मार्च १९६६ मध्ये बहुमताचा निकाल लिहिला. समोरच्या पक्षकारांच्या वादात न्यायालयाने दिलेला हुकूम मूलभूत हक्काचा भंग करतो असं म्हणताच येत नाही. हुकूम चुकीचा वाटला तर अपील करा, रिट मागू नका. एकटे हिदायतुल्ला वेगळं बोलले. उघड्या दारांनी चाललेल्या खटल्याची बातमी दाबणं त्यांना मान्य नव्हतं आणि न्यायाधीशाच्या हातूनही मूलभूत हक्क मोडू शकतो हे सांगायला ते कचरले नाहीत. वृत्तपत्रासाठी एवढं बोललेल्या माणसाने चार वर्षांनी चित्रपटासाठी पूर्वपरीक्षण मान्य केलं. आणि तोंडी हुकूम देणारे सासवडचे तारकुंडे पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अध्वर्यू झाले. कुणाच्या एका निकालावरून त्याचं आयुष्य जोखू नये, हे खरं.

मिरजकर निकाल आजही उलटलेला नाही. तेव्हा न्यायालयाची तोंडबंदी आणि भाषणस्वातंत्र्य यांत विरोध आहे का, या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर ‘नाही’ असंच आहे. ‘तमस’च्या कागदपत्रांतून दिसणारं उत्तर वेगळं आहे. स्टे हा भंगच होता, फक्त तो दोन दिवसांत दुरुस्त झाला. अपील करा, हे गजेंद्रगडकरांचं म्हणणं तिथे अक्षरशः खरं ठरलं. पण अपील दोन दिवसांत ऐकलं जावं, दोन न्यायमूर्तींनी पाच तास काढावेत, असं नशीब किती जणांचं? दिल्लीतल्या एका दिवाणी न्यायालयाने दुसऱ्या बाजूचं न ऐकता ‘ब्लूमबर्ग’ला ‘झी’वरचा लेख काढून टाकायला सांगितलं, ते सर्वोच्च न्यायालयाने २२ मार्च २०२४ रोजी रद्द केलं आणि सुनावणीआधीची अशी मनाई लेखाच्या दृष्टीने देहदंडासारखी ठरू शकते, असं सुनावलं. ब्लूमबर्गला दिल्ली गाठता आली. तालुक्याच्या साप्ताहिकाचा संपादक असा हुकूम आला की मजकूर काढतो आणि पुढच्या अंकाच्या जाहिराती गोळा करायला निघतो.

‘तमस’च्या निकालातला तो शहाणा सामान्य माणूस खरोखर असतो का? बोस यांना तो दिसला, लेंटिन-मनोहर यांना दिसला, पण दंगलीच्या गावात? भिवंडीत १९८४ मध्ये पुन्हा भीषण दंगल झाली होती. ‘तमस’वरचा वाद चालू होता तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. त्याच १९८८ साली सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. या समित्या ‘तमस’मधल्या शांतता समितीसारख्या नव्हत्या. तिथे गावचे बडे लोक बसतात, अध्यक्ष कोण आणि उपाध्यक्ष कोण यावर खल होतो आणि मुराद अलीलाही जागा मिळते. खोपडे यांनी बड्यांना बाजूला ठेवून मोहल्ल्यातल्या साध्या हिंदू-मुसलमानांना पोलिसांबरोबर नियमित बसवलं. नळाचं पाणी, गटार, पोरांची भांडणं, मिरवणुकीचा मार्ग, सगळं बोलायचं, अफवाही तिथेच बोलायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबई का जळाली आणि भिवंडी का नाही, यावर खोपडे यांनी पुढे पुस्तकही लिहिलं. याचं श्रेय मी कुठल्या मालिकेला देणार नाही, तो बादरायण संबंध होईल. एवढंच म्हणतो, की निकालाने ज्या माणसावर विश्वास टाकला तो भिवंडीत पुढची चार वर्षं बोलत बसला होता.

बोस यांच्या वाक्याचा प्रवास पुढेही चालू राहिला. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून पुण्यात दाखल झालेला फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला, तेव्हा ते आधाराला होतं. प्रत्येक वेळी ते तितकं उपयोगी पडलं असं मात्र नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचा प्रश्न २०१५ मध्ये आला. छापणाऱ्याने आधीच माफी मागितली होती, तो सुटला. कवीला मात्र खटल्याला सामोरं जा असं सांगितलं गेलं. इतिहासात आदराचं स्थान असलेल्या व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घालताना माप अधिक कडक होतं, असं न्यायालय म्हणालं. तिथला काल्पनिक वाचक मला नागपूरच्या त्या धीट माणसासारखा वाटत नाही.

आणि मग मार्च २०२५. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी एका कवितेसह ध्वनिचित्रफीत प्रसारित केली म्हणून गुजरातेत गुन्हा नोंदवला गेला होता. तो रद्द करताना न्या. अभय ओक यांनी बोस यांची कसोटी पुन्हा पुढे ठेवली. ओक ठाण्याचे, त्यांची वकिली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात सुरू झाली, आणि भिवंडी त्याच जिल्ह्यातली. त्या निकालात एक वाक्य असं आहे की ते १९८८ च्या निकालात मला हवं होतं आणि सापडलं नव्हतं. लिहिलेले किंवा बोललेले शब्द कधी आम्हा न्यायाधीशांनाही आवडणार नाहीत, असं ओक तिथे कबूल करतात, आणि तरीही त्यांचं रक्षण करणं हे आमचं कर्तव्य, असं लगेच पुढे म्हणतात. ‘तमस’ दोन न्यायमूर्तींना आवडली म्हणून सुटली, ही त्या जुन्या निकालातली फट. ती सदतीस वर्षांनी अशी बुजली.